चारशे बारा माणसं, एक बोट

…आणि वर मुलगी म्हणते, "बाबा, चूक फोनची नाही, तुमची." माझी! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं शिंपीकाम करतोय, बोटात सुई घुसली तरी सुईला कधी नावं ठेवली नाहीत, पण हे सगळ्यांना एकदम मेसेज पाठवायचं खूळ… चारशे बारा माणसं, एक बोट!

आधी कसं बरं होतं. गिऱ्हाईक यायचं, "झाला का शर्ट?" विचारायचं, मी म्हणायचो, "फक्त बटणं राहिलीत." आता कापडाची घडीसुद्धा मोडलेली नसायची, पण बटणं राहिली होती हे काही खोटं होतं का? मुलीला माझी दया आली. तिने गिऱ्हाइकांचे सगळे नंबर फोनमध्ये घातले आणि म्हणाली, एकेकाला तोंड देत बसू नका, इथून पाठवा. झालं! रोज दुकान उघडायचं, मशीनला तेल घालायचं आणि बोट दाबायचं: "थोडं काम बाकी आहे, दोन दिवसांनी या." चारशे बारा जणांना एका दमात थाप! ज्यांचं कापडही माझ्याकडे नाही, त्यांनासुद्धा.

तर आमचे गणिताचे मास्तर. गुरुवारी चार वाजता शाळेत त्यांचा निरोपसमारंभ. महिनाभर आधी कोटाचं कापड टाकून गेले, जाताना हळूच म्हणाले, "बावीस वर्षांत तू मला एकदाही वेळेवर कपडे दिले नाहीस. मुलीच्या लग्नात जुनाच कोट घालून उभा होतो. हा एवढा दे." लागलं हो मनाला. खरंच लागलं. बाकीची कामं बाजूला सारली, अस्तर दोनदा उसवून लावलं, काजं हाताने केली आणि गुरुवारी सकाळी दहाला कोट हँगरवर! बायको येऊन कपाळाला हात लावून गेली, ताप आहे का बघायला.

आनंदाच्या भरात फोन घेतला, मजकूर बदलला: "तुमचे कपडे तयार आहेत, आजच घेऊन जा." दाबलं. आता मजकूर बदलला, पण यादी रोजचीच राहिली ना… चारशे बारा माणसं, एक बोट!

अर्ध्या तासात रस्त्यापर्यंत रांग. एक जण म्हणतो, "पँट दोन वर्षांपूर्वी टाकली होती, आता कमरेत बसणार नाही, पण बघून तरी जातो." एक बाई शेजारणीला घेऊन आल्या, साक्षीदार म्हणून. एक गृहस्थ तर म्हणाले, "मी काही टाकलं नव्हतं, पण तयारच आहे म्हणताय तर द्या." मी काउंटरमागे, मला घाम! घाईघाईने पुन्हा फोन घेतला: "क्षमस्व. कोणाचेही कपडे तयार नाहीत. दोन दिवसांनी या." चारशे बारा माणसं, एक बोट! लोक माझा उद्धार करत पांगले. मी सुटलो म्हणून बसलो मास्तरांची वाट बघत. बारा वाजले… दोन वाजले… साडेतीनला मीच फोन लावला.

"मिळाले रे तुझे मेसेज," मास्तर म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत हो. "पहिला वाचून निघालोच होतो, वाटेत दुसरा आला. मग दुकानातून आयता कोट घेतला. बाह्या जरा लांब आहेत, दुमडल्यात."

"अहो मास्तर, तुमचा खरंच तयार आहे! माझ्या डोळ्यांसमोर टांगलाय!"

तर हसले. म्हणाले, "असू दे. बावीस वर्षं ऐकतोय."

आता बोला! रोज थापा मारल्या, तर लोक बिचारे दोन दोन दिवस मोजत बसले. जन्मात एकदा खरं बोललो, तर माणूस हसतो. आठवडा झाला, कोट तसाच टांगलाय. तुमच्यात कोणाची छाती चाळीस आहे का? घेऊन जा हो, तयार आहे.

…हसताय काय? खरंच तयार आहे.