टँकबंडजवळची लुखमी

हैदराबादेत चांगलं कुठं खायचं, हे यापुढं मला कुणी विचारू नका. परवा पुण्याहून भाचा आला. म्हणाला, "मामा, तुमची खास जागा दाखवा." मी तोऱ्यात त्याला टँकबंडजवळच्या इराणी हॉटेलात नेलं. तिथल्या खिमा भरलेल्या चौकोनी लुखमीच्या आठवणीवर मी बदलीच्या गावांत नोकरी काढली होती हो! इतक्या वर्षांनी जाऊन बघतो तर शटरला कुलूप आणि कुलपाला गंज.

भाचा मोबाइल बघून म्हणाला, "चालू आहे की! ऑर्डर घेतायत."

मला वाटलं, मागल्या दारानं चालवत असतील. म्हटलं, "इथंच मागव."

बऱ्याच वेळानं बाइकवाला आला. पाकिटावर नाव त्याच हॉटेलाचं. मी विचारलं, "किचन किधर है भाई?"

"उधर गोदाम में है साब. सब होटलां का खाना एकीच जगह बनता." मग शटरकडं बघून म्हणाला, "पन इधर कायकू मंगाए? ये होटल तो कब की बंद हो गई."

फुटपाथवरच पाकीट उघडलं. लुखमी गार, चामड्यासारखी, आत बटाटा.

भाच्यानं एक घास खाल्ला, माझ्याकडं बघितलं आणि अगदी समजुतीनं म्हणाला, "अच्छा... म्हणजे तुम्हाला हे आवडायचं होय!"