गज्याची रॅम अन् माझं भांडण

मले कॉम्प्युटरातलं काही कळत नाही, पण भांडता बराबर येते.

माझा पोरगा गज्या मोताळ्यात लग्नाचे व्हिडिओ बनवते. त्यानं मशीनले नवी रॅम बसवली. म्हणे, "बाबा, कंपनीनं लिवला त्याच्याहून हिचा स्पीड वाढवता येते. मंग टेस्ट लावायची. लाल अक्षरं आली, की समजायचं झेपत नाही."

त्यानं थोडा वाढवला. टेस्ट साफ.

म्या म्हणलं, "अजून वाढव बे! शंकरपटातले बैल काय रमतगमत पळतेत?"

त्यानं वाढवला, अन् टेस्ट न लावताच कामाले बसला. ऐन हळदीच्या व्हिडिओत मशीन बंद! उद्या नवरीच्या बापाले व्हिडिओ द्यायचा. टेस्ट लावली, त पडदाभर लाल.

म्या म्हणलं, "दुकानदारानं खराब माल देल्ला. काढ रॅम, चाल त्याच्या मलकापूरच्या दुकानात!"

दुकानदारानं गज्याले इचारलं, स्पीड किती ठेवला होता. मंग रॅम आपल्या मशीनले लावली, कंपनीच्या स्पीडवर ठेवली अन् टेस्ट सुरू केली. टेस्ट तासभर चालली, तासभर मी त्याले चोर म्हणत राह्यलो. लाल अक्षर एकही आलं नाही.

"काका, माल चोख आहे. याच स्पीडवर चालवा, व्हिडिओ आजच होते. पन इतका स्पीड वाढवाले सांगतलं कोनं?"

गज्या माह्याकडं पाहाले लागला. मंग दुकानदारही.

म्या म्हणलं, "आधी चहा सांग बे. तासभर बोलून घसा कोरडा पडला."