डायोड कॉइलपाशी

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रांगेत आम्ही चौघं होतो: एक आजोबा, त्यांच्यामागे एक वहिनी आणि तिचा दीर, शेवटी मी.

“नवा कंट्रोल बोर्ड घेऊनच टाकू, भाऊजी. उबवणीच्या पेटीत चारशे अंडी आहेत. ओलाव्यासाठीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद झाला, की बोर्ड मान टाकतो आणि हीटरही बंद पडतो.”

“बोर्डाचा दोष नाही, वहिनी. रिलेच्या स्विचने वीज तोडली, की व्हॉल्व्हची कॉइल उलटा झटका मारते. डायोड असला, की तो झटका कॉइलमध्येच फिरून विरतो.”

“डायोड तर तुम्ही परवाच लावलात की!”

“लावला, पण पॅनेलमध्ये, रिलेशेजारी. व्हॉल्व्ह राहिला पलीकडच्या भिंतीला. मधली लांबलचक वायर बोर्डाला त्रास देतच राहिली.”

“मग तिथे लावलात कशाला?”

“तिथे दिसायला छान दिसत होता.”

“घ्या! पॅनेल नटवलं नवरीसारखं, आणि अंडी पडली गार!”

“सकाळी थेट कॉइलवर लावून आलोय, पट्टीची बाजू प्लसला. आईला फोन तर करा.”

वहिनीने फोन स्पीकरवर टाकला.

“आई, व्हॉल्व्ह बंद झाला का?”

“दोनदा झाला. टक्‌ आवाज आला.”

“आणि बोर्ड?”

“चालू आहे की. हीटरचा दिवाही लागलाय.”

“हुश्श! नीट बघितलंत ना? चष्मा लावून?”

“डोळ्यांवरच आहे गं बाई.”

“वहिनी, तापमान विचारा. साडेसदतीस हवं.”

“आई, आकडा किती दिसतोय?”

“सदतीस, टिंब, पाच.”