खुर्चीमागची हेस्टर

मंडळी, एक विचारतो. माणूस गुलाम होतो कशानं? साखळीनं? थांबा — उत्तराची घाई नको. आधी अमेरिकेला चला!

तिथं भावाभावांत युद्ध पेटलेलं. दक्षिण म्हणते, गुलाम आमची मालमत्ता. उत्तर म्हणते, देश फुटू देणार नाही. मधे एक नदी. अलीकडे दक्षिणेचा एक मळेवाला, त्याच्या घरी हेस्टर नावाची गुलाम बाई. काम काय? साहेब लोक जेवायला बसले की खुर्चीमागं उभं राहायचं, मोरपिसांच्या पंख्यानं माश्या हाकायच्या.

त्या दुपारी जेवायला फौजेचे अधिकारी. अहो, जेवताना माणूस दोन गोष्टी सैल सोडतो — कमरेचा पट्टा आणि जीभ! त्यांचा सेनापती म्हणाला, पुलावर नुसता देखावा करू. खरी फौज पहाटे खालच्या उतारावरून, पाण्यातून चालत पार नेऊ. कुणी आवाज खाली आणला? छे! खोलीत परकं होतं कोण? एक पंखा!

पंखा हलत राहिला. पण हेस्टरनं शब्द न् शब्द टिपला. पलीकडे उत्तरेची छावणी. सांगायला जावं? तिचा नवरा सायलस युद्ध सुरू होताच तिकडे पळाला होता. तेव्हा पळालेला गुलाम परत द्यायचा कायदाच होता; उत्तरेच्याच शिपायांनी त्याला बांधून मालकाच्या हवाली केलं. फटक्यांनी गेला बिचारा. आता म्हणे उत्तरेच्या सरकारनं जाहीर केलंय — बंडखोर मुलखातले गुलाम मुक्त. म्हणे! ऐकीव गोष्टीवर जीव टाकायचा?

साहेब लोक जेवून लवंडले. हेस्टरनं भाजीची टोपली उचलली आणि त्याच उतारावर पाण्यात शिरली. पाणी गुडघ्याला... कमरेला... छातीला. तोच समोरच्या झाडीतून बंदूक रोखली गेली — "कोण आहे?"

संपलं, मंडळी! तिनं डोळे मिटले. उघडले, तर निळ्या गणवेशात, बंदूक घेऊन उभा होता तिच्यासारखाच काळा शिपाई. तिला रडूच फुटलं.

तो म्हणाला, "ये आई. आता इथून कुणाला परत पाठवत नाहीत."

पहाटे दक्षिणेची फौज उतारावर आली, तर समोर तोफा वाट बघत होत्या. माघारी फिरली ती फिरलीच. मळेवाला फितूर शोधत बसला. मित्रांवर संशय घेतला, मेव्हण्यावर घेतला. आणि पळालेली हेस्टर? तिला काय कळतंय, म्हणाला!

साखळी नंतर येते, मंडळी. आधी येते ती नजर, जिला समोर उभा असलेला माणूस दिसत नाही. आता आपल्याकडे वळू. मघाशी आल्या आल्या तुम्ही सगळे पाणी प्यालात. दिलं कुणी? ती बघा, अजून खांबाशी उभी आहे. तिचं नाव काय?

मी विचारून घेतलंय, पण सांगणार नाही. जाताना तुम्ही विचारा.