सुखरामचे सहा टाके

बातम्यांवर तुम्ही भांडूनच राहिले, तर आमच्या कुडवा गावच्या सुखरामचं ऐका. माझा शेजारी, कोणत्याच पार्टीचा नाही. ऐन निवडणुकीत त्याच्याच बैलानं त्याच्या कपाळात शिंग मारलं. सहा टाके पडले. पट्टी बांधून चहाटपरीवर बसला, तर एक पत्रकार मोबाईल घेऊन धावत आला.

"चाचा, किस पार्टीवालों ने मारा?"

"बैलानं मारलं, बाप्पा!"

संध्याकाळी एका चॅनलनं सांगितलं, सत्तेवाल्यांनी मारलं. दुसऱ्यानं सांगितलं, विरोधकांनी मारलं. बैलाचं नाव कोणीच घेतलं नाही.

सकाळी सुखराम माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, दोन्ही चॅनलवाले पार्टीवाल्यांनीच मारलं म्हणतेत. दोघंही खोटं कायले बोलतील?"

"अरे, शिंग तुलेच लागलं ना?"

"लागलं. पण बैल मले कोणं विकला? देवाजीनं. अन् देवाजी पक्का सत्तेवाला."

"त्याले चार वर्षं झाली, सुखराम!"

"तेच तं! चार वर्षांपासून तयारी करून राहिले होते."

मला हसू आलं. तो मात्र एकटक माझ्याकडे पाहत राहिला.

"तू काऊन हसून राहिला? तू कोणाकडून आहेस?"