बाळसं

सिस्टर : “आईचं हृदय अशक्त आहे, रोज सकाळी वजन कर. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन ये.” सांगितलं होतं की नव्हतं मी?

मुलगी : सांगितलं होतंत. मी हसले होते.

सिस्टर : माझ्यासमोर?

मुलगी : तुम्ही जिना उतरल्यावर. नवऱ्याला म्हटलं, कोपऱ्यावरचा दवाखाना म्हणजे खोकल्याचं औषध नि बाळाची लस. हृदयातलं त्यांना काय कळतंय! या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांची तारीख मिळालीच होती, पुढच्या महिन्याची.

सिस्टर : वजन तरी करत होतीस?

मुलगी : न चुकता. आधी बाळाचं, मग आईचं. सोमवारी बावन्न, गुरुवारी साडेचोपन्न.

सिस्टर : अडीच किलो! आणि गप्प बसलीस?

मुलगी : गप्प कुठली? आनंदानं नाचले. दोन महिने तिला घास जात नव्हता. म्हटलं, आई, नातवाबरोबर तूही बाळसं धरलंस! तीसुद्धा खुशीत गालाला हात लावून बघत होती.

सिस्टर : अगं बाई, ते अंगात साठलेलं पाणी होतं.

मुलगी : माहितीय आता. आतल्या डॉक्टरांनी सांगितलं. गुरुवारीच तुमच्याकडे नेलं असतं, तर गोळी वाढवून भागलं असतं म्हणे. एक गोळी, सिस्टर! आणि आज तोंडाला मास्क, तो ओढून काढते म्हणून हात बांधलेले. मला बघून मान फिरवली तिनं.

सिस्टर : दमलीय गं ती.

मुलगी : समजूत नका घालू. तुम्ही तरी कुठे आलात? पूर्वी दर आठवड्याला यायचात.

सिस्टर : वरून कागद आला. घरभेटी बंद, फोनवर विचारा. दोघींचं काम एकटीच्या गळ्यात. शुक्रवारी केला होता ना तुला फोन? काय म्हणालीस?

मुलगी : “झकास आहे. अंग धरलंय.”

सिस्टर : आणि मी लिहिलं, “ठीक.” किती किलो, एवढंसुद्धा विचारलं नाही. पुढचे चाळीस फोन डोक्यावर होते.

(आत यंत्र एका लयीत वाजतं आहे.)

मुलगी : वाचेल ना?

सिस्टर : या खेपेला वाचेल. पण हृदयात होती तेवढी ताकद आता राहणार नाही. बाळाला उचलून घेणं विसरायचं.

मुलगी : सकाळी त्याच्यासाठीच तर उठते ती.

सिस्टर : मी निघते. दवाखाना उघडायचाय.

मुलगी : सिस्टर, आमच्या खालच्या मजल्यावर शिंपीकाका आहेत. एकटेच असतात. परवा म्हणत होते, आडवं झालं की दम लागतो, खुर्चीतच झोपतो. मी म्हटलं, उकाडा आहे, काका.

सिस्टर : तेही पाणीच असेल. पण घरभेट बंद आहे गं. कळलं तर माझी नोकरी...

मुलगी : मग घरभेट म्हणू नका. युनिफॉर्म उसवलाय म्हणा. पण आजच जा.