रडलो तरी पिन सांगू नगंस

त्या सकाळी नळाला पाणी लवकर आलं. मी पिंप भरून घेतलं, चहाची भांडी घासली आणि वीज गेली होती म्हणून पाट्यावर चटणी वाटायला बसले. हे सोप्यात पेपर वाचत होते. शेअर बाजाराचं पान. मी म्हटलं, "रोज बघून तो वर येणार आहे का?" हे म्हणाले, "न्हाय. खाली आल्यावर आपण किती घाबरतोय, ते बघतोय."

मंडळी, दुसरीकडून सुरुवात मला जमली नाही. तालमीत बायका बोलायला उभ्या राहत नाहीत. वस्तादांनी ह्यांच्या शोकसभेत मला उभं केलं. सगळी गल्ली आलीय, लांबून पाव्हणे आलेत. पण आधी बोललेल्या तिघांनी सांगितलं, की हे घरात घसरून पडले आणि गेले. म्हणून मला बोललंच पाहिजे.

हे पडले नाहीत. ह्यांना मारलं. बापूनं मारलं, माझ्यासमोर. बापू आता कोठडीत आहे. त्याचं नाव शेजारच्या मास्तरांनी पोलिसांना दिलं, असं कुणीतरी उठवलं आणि परवा मास्तरांच्या घरावर दगड पडले. त्यांच्या सुनेच्या कपाळाला टाके पडलेत. दगड मारणारे इथंच बसलेत. नाव कुणी दिलं, ते ऐकूनच जा.

पाव्हण्यांना बापू माहीत नसेल. हे आणि बापू याच आखाड्यात वाढले. एकाच कारखान्यात फिटर झाले, एकाच महिन्यात निवृत्त झाले. फंडाचा पैसा हातात आला तेव्हा ह्यांनी सहा महिने कशालाच हात लावला नाही. नुसतं वाचन केलं. म्हणजे वाचायची मी. माझी शाळा सातवीपर्यंत, पण वाचनालयातलं पुस्तक मी कधी अर्धं ठेवलं नाही. ह्यांना बारीक अक्षर दिसायचं नाही. मी मोठ्यानं वाचायची, हे ऐकायचे, परत वाच म्हणायचे. मग ह्यांनी वाटण्या केल्या. दोन वर्षांचा घरखर्च आणि औषधपाणी बँकेत. थोडा पोस्टात. उरलेला म्युच्युअल फंडात, दहा वर्षं हात न लावायच्या बोलीवर. ह्यांचं बघून बापूनं आणि आणखी पाच जणांनी तसंच केलं.

म्युच्युअल फंडाच्या फॉर्मवर एक प्रश्न होता. गुंतवलेला पैसा निम्मा झाला तर काय कराल? मी वाचला. बापूनं मिशीवर हात फिरवला. "लिव्हा वहिनी, आम्ही पैलवान हाय. हलणार न्हाय." सगळे हसले. मीही हसले आणि तिथं खूण केली. तो प्रश्न बापूला चारचौघांत विचारायला नको होता. एकट्याला बसवून विचारायला हवा होता.

मग बापूच म्हणाला, "माझा मलाच भरवसा न्हाय. पैसं काढायचा पिन तूच घाल आन् तूच ठेव. रडलो तरी सांगू नगंस." ह्यांनी आखाड्यातली माती कपाळाला लावली आणि शब्द दिला. बाकीच्या पाच जणांनीही आपापल्या पिनच्या चिठ्ठ्या ह्यांच्याकडं दिल्या.

आणि बाजार पडला. रोज पडत राहिला. त्या सकाळी बापू दारात आला.

"पिन सांग."

"न्हाय."

"माझं पैसं हाईत."

"तुझंच हाईत. तूच म्हणालतास."

"म्हणालतो. आता दुसरं म्हणतोय. समदं बुडाय लागलंय, दिसतंय का तुला?"

"कागदावर बुडतंय. आज काढलंस तर खरंच बुडंल."

"शाणा झालास व्हय रं? पिन सांग."

"माती लावलीया कपाळाला, बापू."

मी पाट्यावरून म्हटलं, "देऊन टाका." हे वळून बघायलाही तयार नव्हते. पैसा बापूचा होता. नवा पिन त्याच्याच फोनवरून पाच मिनिटांत करता आला असता. बापूला ते ठाऊक नव्हतं. ह्यांना होतं, आणि ह्यांनी सांगितलं नाही. ही ह्यांची चूक. गेलेल्या माणसाची चूक बोलून दाखवते, कारण मला हे जसे होते तसे आठवायचेत.

बापूनं ह्यांना कमरेला धरून उचललं आणि आपटलं. खाली माती नव्हती. फरशी होती. तुमच्यातले काही म्हणतात, दोन दोस्तांची झटापट झाली. इथं बसलेल्या प्रत्येकाला कळतं, पाठ लागली की कुस्ती संपते. ह्यांची पाठ लागली होती. बापू थांबला नाही. छातीवर बसला. तोंडावर मारत राहिला. एक दात माझ्या चटणीत येऊन पडला. मग डोकं धरून फरशीवर आपटलं, "सांग, सांग" म्हणत. सांगायला तोंड राहिलं नव्हतं. मी वरवंटा उचलला. त्याच्या डोक्यात घालायचा होता, खांद्याला बसला. हाड मोडल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं. तेही लपवत नाही.

दवाखान्यात हे दोन दिवस होते. ओठ शिवलेले. मला जवळ बोलावून म्हणाले, "पडलो म्हण. बापूला आत घालू नगंस." मी डॉक्टरांना सांगितलं, पडले. पोलिसांना सांगितलं, पडले. तिसऱ्या दिवशी हे गेले. बापू आला, आणि मोडक्या खांद्याचा हात गळ्यात बांधून दुसऱ्या खांद्यावर ह्यांची तिरडी घेऊन चालला. कुणी अडवलं नाही. मीही नाही. चार पावलं झाली आणि तो म्हणाला, "लई हट्टी होता." माझ्याकडं बघून म्हणाला.

शांता, तू मागं बसलीस. तुझा नवरा आत आहे आणि माझा गेला. आपलं दोघींचं भांडण नाही. उठून जाऊ नकोस.

काल एकानं मला विचारलं, बाजार वर आला का? आला थोडा. ह्या ताटात त्या पाच जणांच्या चिठ्ठ्या आहेत. जाताना आपापली न्या. ठेवा नाहीतर काढा, मी थांबा म्हणणार नाही. म्हातारपणाच्या पैशाची किल्ली दोस्ताच्या हातात देऊन त्याला शपथ घालू नका, एवढं मात्र म्हणते.

आता उभे राहू. दोन मिनिटं कुणी बोलू नका. आणि इथून बाहेर पडल्यावर मास्तरांच्या दाराकडं कुणी वाकडं बघू नका. ह्यांना अग्नी दिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी पोलीस ठाण्यात गेले आणि बापूचं नाव सांगितलं.